न खुडलेली सुरंगी

सुरंगीचं झाड सगळं फुललं की कसं दिसतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांच्या परड्यात सुरंगीची सहा झाडं, ज्यांच्या तीन पिढ्या ती खुडण्यात गेल्या, त्यांना हे ठाऊक नसावं, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण कारण अगदी साधं होतं. सुरंगीला मोल असतं ते कळीचं. कळी वाटाण्याएवढी झाली की सूर्य वर यायच्या आत ती खुडायची. एकदा उमलली की तिचा वळेसर होत नाही. वळेसर म्हणजे आमच्याकडचा गजरा. उमललेलं फूल दोऱ्यात घ्यायला गेलं की पाकळ्या हातातच राहतात. अशा फुलाला आमच्याकडे 'फुकट गेलं' म्हणत. शेंड्याकडची, हाताला न येणारी दहावीस फुलं रोज फुकट जायची. फुललेली सुरंगी आम्ही बघितली ती तेवढीच, आणि तीसुद्धा मान वर करून बघायला वेळ कुणाला होता!

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. घर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या पुढे, चढावरच्या एका वाडीत होतं. अंगणातून खाली माडांचे शेंडे आणि त्यांच्या पलीकडे समुद्र दिसायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. आमचे हे मुंबईला. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. बाकीचे दहा महिने मी त्यांच्या पत्रांची बायको होते.

माघ लागला की सुरंगीचं काम सुरू व्हायचं. मामंजी अंधारातच कमरेला टोपली बांधून झाडावर चढायचे. सुरंगीच्या कळ्या पानांच्या टोकाशी लागत नाहीत, जाड फांद्यांच्या सालीलाच घोसांनी चिकटलेल्या असतात. त्यामुळे माणसाला फांदीवर आडवं होऊन, ती कवेत घेऊन खुडावं लागतं. मी खाली सूप घेऊन बसायची, कळ्या निवडायची, केळीच्या सोपाच्या, म्हणजे सुकवलेल्या सालीच्या, दोऱ्यात वळेसर गुंफायची. मग वाडीतल्या दोघी बायका ते वळेसर हाऱ्यांत, मोठ्या टोपल्यांत, भरून खाडीवर जायच्या. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीतून, पलीकडे उतरायचं आणि रत्नागिरीच्या बाजारात बसायचं. त्या गेल्या की मी अंगण झाडायला घ्यायची. झाडाखाली रोज थोडा पिवळा भुगा आणि पांढऱ्या पाकळ्या पडलेल्या असायच्या. मी तो केर भरून माडाच्या आळ्यात टाकायची.

यांची नोकरी एका छापखान्यात होती. तिथं देवांची आणि देखाव्यांची रंगीत चित्रं दगडावरून छापत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. निळ्याचा एक, पिवळ्याचा एक, असं एकावर एक कागद दाबत गेलं की चित्र पुरं होतं. त्या कामानं माणसाच्या डोळ्यांना काहीतरी खोड लागली होती. सुटीवर आले की हे कुठंही मध्येच उभे राहायचे. एकदा माहेराहून परतताना आम्ही दोघं खाडीवर तरीची वाट बघत होतो. माझ्या डोक्यावर गाठोडं, हातात कोंबडा, आणि हे समुद्राकडे तोंड करून उभे.

"अगं, बघ तरी," हे म्हणाले. "नऊ दगडांचं काम आहे हे. आणि तेही साधायचं नाही."

"तुम्हाला दगड दिसतायत," मी म्हटलं. "मला त्या तरीत आधीच चढलेल्या चौदा बायका दिसतायत."

हे हसले. पण मान धरून मला तिकडे वळवलं ते वळवलंच. मी बघितलं. सूर्य बुडत होता, पाणी लाल होतं. रोज असतंच की, असं मनात म्हटलं आणि कोंबड्याचे पाय घट्ट धरले. मला बघता येत नसे. बघणं हे वेगळं काम असतं आणि ते करायला हात रिकामे लागतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटे, हा मुंबईच्या माणसाचा चाळा आहे. मामंजींना तर तसं वाटायचंच. ते म्हणायचे, "झाड काय बगायला असतं? आंबा खायाला, माड उतरायला, नि सुरंगी खुडायला."

लग्नाला सहा वर्षं झाली त्या पौषात हे मुंबईहून आले ते कायमचे. बोटीतून उतरवून दोघांनी धरून आणलं होतं. छातीचं दुखणं. मुंबईच्या डॉक्टरांनी गावची हवा खा म्हणून सांगितलं होतं, आणि ते डॉक्टर कधी सांगतात हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तसे चार जण आमच्याच वाडीत येऊन गेले होते. मी यांची बाज पडवीत टाकली. तिथून अंगणाच्या कडेची, विहिरीजवळची सुरंगी समोर दिसायची. सहांतलं ते सगळ्यांत जुनं आणि भरगच्च झाड.

आठ दिवस असेच गेले. मग एका दुपारी मी डोक्याशी बसून गरम तेल चोळत होते, तेव्हा म्हणाले, "छापखान्यात एक विलायती झाडाचं चित्र आलं होतं. पान एक नाही, नुसतं फूल. गुलाबी. पंधरा दिवस मी त्या झाडावर रंग चढवत होतो. एक दिवस मनात आलं, माझ्या दारात झाड आहे, मी लहानपणी त्याच्यावर लोळलोय, आणि ते फुललेलं मी कधी बघितलं नाही."

मी म्हटलं, "त्यात काय बघायचं? पांढरं फूल ते."

"एक फूल नव्हे. झाड. सगळं झाड." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "एक बहर खुडू नका त्याचा. एवढं एकदा बघू द्या. मग काय ते होऊ दे."

काय ते म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी तेलाची वाटी घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले.

संध्याकाळी यांनी मामंजींना विचारलं. मामंजी काही वाईट माणूस नव्हते. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाड न खुडता ठेवलं की मधमाश्यांची झुंबड उडते, आणि एकदा त्यांना वाट सापडली की त्या बाकीच्या झाडांवरही येतात. फांदी कवेत घेऊन खुडणाऱ्या माणसानं मग हात कुठं ठेवायचा? "माज्या बापाशीनं कदी ठेवलं नाय," ते म्हणाले. "आजारी माणसानं पेज प्यावी, आराम करावा. फुलं बगून दुखणं बरं व्हतं व्हय?"

हे भिंतीकडे वळून झोपले. मला इतका संताप आला! सासऱ्यांशी वाद घालायची रीत नव्हती, म्हणून मी भांड्यांशी बोलायला लागले. पातेल्याला विचारलं, तुझ्या पोटचा असता तर तूही असंच म्हटलं असतंस का रे? तपेलीला सांगितलं, माश्या चावून कुणी मेलं नाही, पण काही माणसं दुसऱ्या कशानंतरी मरतात, आणि ती मेली की मग विचारता येत नाही त्यांना काय हवं होतं. मामंजी ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी बोलत होते.

दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. विहिरीजवळच्या झाडाच्या कळ्या टपोऱ्या होत आल्या. तिसऱ्या दिवशी मामंजी झाडाखाली जाऊन वर बघत उभे राहिले, एक कळी बोटात दाबून बघितली, आणि घरात येऊन कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या खालचीच झाडं खुडायची."

यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला लग्नातसुद्धा कुणी तसं बघितलं नव्हतं.

ती रात्र वाईट गेली. खोकल्यानं यांना बसवत नव्हतं की निजवत नव्हतं. तांबडं फुटायच्या सुमाराला कुठं डोळा लागला. मामंजी टोपली बांधून उताराच्या झाडांकडे गेले होते. मी पेजेचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि कळ्या उमलायला लागल्या का एवढंच बघून यांना उठवायचं, म्हणून अंगणात आले.

तिथं जे बघितलं ते मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

उजेड अजून नीट झाला नव्हता. झाडाखाली गेले तर वरून बारीक बारीक हलल्यासारखं वाटत होतं, वारा तर नव्हता. मग दिसलं. कळीवरचं टोपण दोन बाजूंना फाकत होतं आणि आतून पांढऱ्या पाकळ्या उलटत होत्या. एक उलटली, शेजारची उलटली, मग मोजायची सोय राहिली नाही. उतू जाणारं दूध कसं आधी कडेला येतं आणि मग एकदम सगळीकडून येतं, तसं ते पांढरं त्या काळ्या फांद्यांवरून येत गेलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत साल दिसेनाशी झाली. प्रत्येक फुलात पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा होता. उजेड वाढला तसा तो पिवळा रंग वर आला, आणि पांढरं झाड माझ्या डोळ्यांदेखत सायीच्या रंगाचं झालं. वास तर काय सांगावा. कळीचा वास माझ्या हातांना हंगामभर यायचा, पण हा तो नव्हताच. हा ऊबदार होता. मग पहिली माशी आली, मग दहा आल्या, आणि थोड्या वेळानं झाडच घुमायला लागलं.

मी उभी होते. हात रिकामे होते. यांनी इतकी वर्षं मान वळवून वळवून मला जे शिकवायचा प्रयत्न केला, ते मला त्या सकाळी आपोआप आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पेज आठवली नाही, घर आठवलं नाही. आणि हे लिहिलंच पाहिजे, तेवढ्या वेळात मला माझा नवराही आठवला नाही. ज्याच्यासाठी ते झाड ठेवलं होतं, तो दहा पावलांवर पडवीत निजला होता, आणि मी त्याला विसरले होते.

ऊन विहिरीच्या काठाला लागलं तेव्हा मी भानावर आले. धावत पडवीत गेले. यांचा चेहरा किती दिवसांनी सैल पडला होता. श्वास संथ चालला होता. मी खांद्याला हात लावायला गेले आणि मागे घेतला. म्हटलं, निजू दे घटकाभर. जास्वंद संध्याकाळपर्यंत टिकते, चाफा दोन दिवस राहतो, सुरंगी निदान जेवणवेळेपर्यंत तरी राहील. हे मी धरून चालले. सहा वर्षं रोज सकाळी झाडाखालचा पाकळ्यांचा आणि केसरांचा केर मीच गोळा करत होते. तो दिवस वर यायच्या आतच तिथं पडलेला असतो, यावरून मला काही कळायला नको होतं का? कळीची आम्हाला खडान्‌खडा माहिती. कधी टच्च भरते, कधी खुडायची, ओल्या फडक्यात किती वेळ राहते. पुढचं काहीच नाही.

यांना जाग आली तेव्हा मामंजी खालची झाडं खुडून परत आले होते. समुद्रावरून वारा सुटला होता. मी तोंड धुवायला पाणी दिलं, पेज पाजली, कारण रिकाम्या पोटी उभं राहवलं नसतं. हे लहान मुलासारखी घाई करत होते. मामंजींनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही पडवीच्या पायऱ्या उतरलो.

झाडाखालची जमीन पांढरी झाली होती. वर बघितलं तर फांद्यांवर हिरवट बोंडं होती, कुठं एखादी लोंबणारी पाकळी, कुठं पिवळा पुंजका. उरल्यासुरल्यावर माश्या घोंघावत होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली, तेवढंही खाली आलं. यांच्या केसांवर पडलं, माझ्या हातांवर पडलं.

 मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी ते म्हणाले, "आमाला तरी कुठं ठावं व्हतं रे? साठ वर्सं झाली माजी या झाडाखाली."

यांनी खाली वाकायचा प्रयत्न केला. मीच ओंजळभर पाकळ्या उचलून दिल्या. त्या बघत बघत यांनी विचारलं, "तू बघितलंस काय गो? तू तर उठली होतीस."

आता इथं मला खरं सांगता आलं असतं. 'बघितलं' म्हणायचं आणि कसं होतं ते जमेल तसं सांगायचं. हा माणूस चित्रांत मुरलेला. मी नुसतं पांढरं आणि सायीचं म्हटलं असतं तरी त्यानं उरलेलं मनात रंगवून घेतलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मला का नाही उठवलंस? त्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि तेच मला तोंडातून काढायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. मी चुलीपाशी होते."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बरं झालं," हे म्हणाले. खरंच त्यांच्या आवाजात बरं वाटल्यासारखं होतं. "एकट्यानं बघण्यात काय मजा? पुढच्या बहराला दोघं मिळून बघू. मला उठवायचं. कसाही असलो तरी उठवायचं. शपथ घे."

मी यांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

सुरंगीचा बहर एका दमात संपत नाही. पहिला गेला की दोनेक आठवड्यांनी दुसरा येतो. त्या फांद्यांना बारीक मोहरीएवढे दाणे दिसायला लागलेच होते. त्यानंतर यांचं सगळं लक्ष त्यांच्यावर. रोज मला झाडाशी पाठवून विचारायचे, केवढ्या झाल्या? मी सांगायची, तांदळाएवढ्या. मग मुगाएवढ्या. मामंजींनी सांगितल्याप्रमाणे माश्या इतर झाडांवर गेल्याच. एक दिवस ते खाली उतरले ते डोळा सुजवून. मी विचारलं तर फांदी लागली म्हणाले. मी रोज ठरवायची, आज सांगून टाकू. पेज पाजताना तोंड उघडायची आणि 'अजून एक घास' म्हणायची. यांना पुढचा बहर हवा होता. मला वाटे, तो येऊ दे, दोघं बघू, म्हणजे माझं खोटं आपोआप फिटेल.

कळ्या मुगाहून थोड्या मोठ्या झाल्या होत्या, तेव्हा एका दुपारी यांना रक्ताची उलटी झाली. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

घराला सुतक लागलं. सुतकाच्या घरचं फूल कुणी घेत नाही. ते देवाला चालत नाही, वळेसर करून कुणी सवाष्ण डोक्यात घालत नाही. हारे नेणाऱ्या बायका आल्या त्या फक्त भेटून गेल्या. दहा दिवस कुणी कळीला हात लावायचा नव्हता. चौथ्या पाचव्या दिवशी तो बहर आला. एका झाडाला नव्हे, सहाही झाडांना. मामंजींच्या बापानं, आज्यानं कधी न ठेवलेली झाडं एकाच सकाळी सगळी उमलली. मी आत कोपऱ्यात घोंगडीवर बसले होते. बंद दारातून तो वास आत आला आणि मग ते घुमणं सुरू झालं.

दार ढकलून मामंजी आत आले. उंबऱ्याशीच थांबले. म्हणाले, "बाहेर ये, पोरी. बग जरा."

मी नको म्हणून मान हलवली. जणू मला ऐकवत नाही, बघवत नाही, अशी.

ते खाली बसले.  मग हळू विचारलं, "त्या दिवशी पण असंच व्हतं काय गो?"

मी वर बघितलं.

"खालच्या झाडावरनं तू दिसत व्हतीस," ते म्हणाले. "झाड माडांच्या आड व्हतं, मला काय दिसलं नाय. तू तेवढी दिसलीस, वर बगत उभी. मला वाटलं, तो पन हाय पडवीत बसलेला. दोगं बगतायत."

त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. का सांगितलं नाहीस, का उठवलं नाहीस, काहीच नाही. नुसते वाट बघत बसले, उत्तराची.

"हो," मी म्हटलं. "असंच होतं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टोपण कसं फाकतं, पांढरं कसं चढत जातं, उजेड आला की रंग कसा बदलतो, सगळं, जसं यांना सांगायला हवं होतं तसं. मामंजी खाली मान घालून ऐकत होते, आणि पडवीतली रिकामी बाज अजून तिथंच होती.